लहान मुलांना कोलांटी शिकवताना या चुका टाळा

कोलांटी शिकवताना मोठी माणसं जी पहिली सूचना देतात, तीच बहुतेक वेळा चुकीची असते: "डोकं खाली टेकव आणि उलट." मूल ऐकतं. टाळू मॅटवर टेकवतं, पायांनी रेटा देतं आणि क्षणभर सगळ्या अंगाचा भार मानेवर येतो. चार-पाच वर्षांच्या मुलाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि जड असतं, मानेचे स्नायू मात्र अजून कोवळे. दहातल्या नऊ वेळा काही होत नाही, म्हणून ही चूक कुणाला चूक वाटतच नाही.

खरं तर कोलांटीत डोक्याला कामच नाही. भार आधी दोन्ही तळहातांवर यायला हवा, तिथून खांद्यांमागच्या पाठीवर, मग कमरेवर आणि शेवटी तळपायांवर. डोक्याचा मागचा भाग फार तर मॅटला घासून जाईल. टाळू टेकली, की ती कोलांटी फसली असं समजा, मूल पलीकडे जाऊन हसत उभं राहिलं तरी.

हनुवटी लावली, पण ती राहिली का?

"हनुवटी छातीला लाव" म्हटलं की मूल लगेच लावतं. घोळ पुढे होतो. कंबर वर उचलली जाते, पाय मॅट सोडणार तेवढ्यात आपण कुठे चाललोय ते बघायला मूल मान वर करतं. हे अर्ध्या सेकंदात होतं आणि समोर उभं राहिलं तर दिसत नाही. म्हणून बाजूला गुडघ्यावर बसा आणि पायांकडे नाही, हनुवटीकडे बघा. घडी घातलेला हातरुमाल हनुवटीखाली धरायला द्या. कुठल्या क्षणी पडतो ते बघितलं की दुखणं सापडतं. "बेंबीकडे बघ" ही सूचना लहानांना जास्त कळते. दुसरं कुणी मदतीला असेल तर त्याला मुलाच्या मागे उभं करा आणि बोटं दाखवायला सांगा. पायांच्या मधून बघून किती बोटं आहेत ते मुलाने सांगायचं. बोटं मोजायच्या नादात मान आपोआप आत राहते.

पायऱ्या गाळणं

माझ्या मते निम्म्याहून जास्त बिघाड इथलेच असतात. पहिल्याच दिवशी कोलांटी घ्यायला लावायची आणि जमली नाही की पंचवीस वेळा तीच करून घ्यायची, याने चुकीची सवय पक्की होते, बाकी काही नाही.

आधी नुसतं आडवं लोळू द्या: हात डोक्यावर ताणलेले, पाय जुळवलेले, अंग ताठ. मग अंगाचं मुटकुळं करून पाठीवर मागेपुढे झुलणं. गुडघे पोटाशी, हनुवटी आत, पाठ गोल. झुलताना 'धप्प' आवाज आला तर पाठ सपाट पडते आहे. ती गोल होईपर्यंत पुढे जाऊ नका. झुलता झुलता हात न टेकता उकिडवं बसता आलं, की कोलांटीचा शेवट तयार झाला. सोबतीला हातांवर भार घ्यायची सवय हवी: अस्वलासारखं चार पायांवर चालणं, सशाच्या उड्या. लहानांना हे खेळ वाटतात आणि दंड-खांदे त्यातच बळकट होतात.

यानंतरची पहिली कोलांटी उतरत्या आकाराच्या घट्ट मॅटवर, वरून खाली. उतारावर वेग आपोआप मिळतो, त्यामुळे मूल डोक्याने रेटत नाही. उशा रचून उतार करू नका. ऐन वेळी त्या सरकतात.

पलंग ही जागा नाही

मऊ म्हणजे सुरक्षित, हा समज मोठा घातक आहे. जाड मऊ गादीत डोकं रुततं, अंग मात्र पुढे जात राहतं आणि सगळी पीळ मानेला बसते. शिवाय कडेवरून पडायची भीती वेगळीच. योगासनांची पातळ चटईही कामाची नाही, खालची फरशी लागते. जिम्नॅस्टिक्सची घडीची, साधारण 4-5 सेंटिमीटर जाडीची घट्ट मॅट योग्य. दोन मॅट जोडल्या असतील तर मधली फट बघा, हात किंवा पाऊल नेमकं तिथेच अडकतं. पुढे निदान दोन मीटर जागा मोकळी ठेवा.

तुमचे हात कुठे आहेत?

मदत करायची ती बाजूने. एक हात डोक्यामागे, मान आत राहावी म्हणून. दुसरा मांडीच्या मागे, कंबर वर उचलायला. डोक्यामागचा हात दिशा दाखवतो, तो दाबायचा नाही. घोटे धरून मुलाला उलटं टाकणं तर अजिबात नको. मूल मध्येच थबकलं तर तसंच सावकाश खाली येऊ द्या. "झालंच आता" म्हणत उरलेली कोलांटी तुम्ही पुरी करायची नाही, कारण त्या क्षणी त्याने अंग ताठ केलेलं असतं.

कुठे काय बिघडतं

कोलांटी वाकडी जाते: एक हात कमी जोर लावतो किंवा मान एका बाजूला वळते. मॅटवर खांद्यांच्या रुंदीएवढ्या अंतरावर खडूने दोन पंजे काढा, बोटं पुढे.

डोक्यावरच अडकून बसतं: कंबर पुरेशी वर गेलेली नाही. हात पायांपासून फार लांब ठेवलेत का, ते आधी बघा. पाय जरा उंच मॅटवर आणि हात खालच्या मॅटवर ठेवून बघा.

पाठीवर आदळून लोळत राहतं: पाय मध्येच पसरले. पुन्हा झुलण्यावर या.

उठता येत नाही: टाचा ढुंगणापासून लांब पडतात. समोर उकिडवे बसा, हात पुढे करा आणि "माझे हात पकड" म्हणा. ओढू नका, हातापर्यंत त्यालाच पोचू द्या. मांडी घालून उठायची सवय काही मुलं स्वतःच शोधून काढतात. ती मोडा, गुडघे पिळले जातात.

उलटी कोलांटी घाईने नको

मागे जाणारी कोलांटी वरवर सोपी दिसते. मुलाला दोन्ही हात सरळ वर करायला सांगा. कोपर टाळूच्या आसपासच पोचत असतील, तर तळहात मॅटवर टेकवून डोकं अधांतरी ठेवण्याइतकी त्याच्या हातांची लांबीच नाही. अशा मुलाचा सगळा भार मानेवर येणार, तुम्ही कितीही छान समजावलं तरी. त्याला थांबू द्या, किंवा डोकं एका बाजूला करून खांद्यावरून मागे जाणारी सोपी लोळण शिकवा. हात पुरेसे लांब असतील तरी सुरुवात उतारावरच. मदत कमरेला दोन्ही बाजूंनी धरून, वरच्या दिशेने. पाय मागे ढकलणं म्हणजे मान चेपणं.

बाकी तयारी थोडक्यात: अंबाडा, क्लिपा, माळ काढा, खिसे रिकामे, पाय अनवाणी, तोंडात काही नाही. भरल्या पोटी नको. मॅटवर एका वेळी एकच मूल, सगळ्यांची दिशा एकच. सलग तीन-चार कोलांट्यांनंतर दुसरा खेळ द्या, कारण कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला स्थिर व्हायला वेळ लागतो आणि गरगरलेलं मूल पुढची कोलांटी वेडीवाकडीच घेतं.

डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांमध्ये मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असतो. डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय त्यांना कोलांटी नको. नुकताच डोक्याला मार लागला असेल किंवा मान आखडली असेल तेव्हाही नको.

कोलांटीनंतर मान दुखते, हातापायाला मुंग्या येतात किंवा बळ वाटत नाही, असं मूल म्हणालं तर "काही नाही, ऊठ" म्हणत हाताला धरून उभं करू नका. जसं पडलंय तसंच राहू द्या, डोकं हलू देऊ नका, त्याच्याशी बोलत राहा आणि ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा.