आजोबांचं धोतर, पंख्याचं स्टँड आणि दोन चमचे हळद

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडतीवर मी दिवाणजी आहे. सौद्यांचा हंगाम सुरू झाला की शर्टाची कॉलर, नाकपुड्या, मोबाइलच्या कव्हरची आतली बाजू, सगळं पिवळं. घरी पोचेपर्यंत साडेआठ वाजतात. सूर्याच्या उजेडात फोटो काढायचा योग फक्त रविवारी, तोही लग्नमुंजींतून उरला तर. म्हणून रात्रीच्या फोटोंसाठी घरीच दिवे करायला लागलो. कॅमेरा सेकंडहँड निकॉन डी३२००, त्यावर ५० मिमीची एफ १.८ लेन्स, एक जुना फ्लॅश आणि तो दुरून उडवायचा स्वस्तातला रेडिओ ट्रिगर, एवढंच दुकानातलं. बाकी सगळं माळ्यावरचं. आमचं घर गावभागात, त्यामुळे २०१९ च्या पुरानंतर कामाचं सगळं सामान माळ्यावरच असतं.

पहिला प्रयोग फसला तो सांगतो, म्हणजे तुमचा वेळ वाचेल. मांडववाल्याकडून ५०० वॅटचा हॅलोजन आणला आणि त्याच्यापुढे वीतभर अंतरावर ट्रेसिंग पेपर चिकटवला. दहा मिनिटांत कागद मधोमध तांबूस झाला आणि स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "काय करपलं रं?" हॅलोजन उजेडापेक्षा उष्णताच जास्त देतो. घरात कागद, कापड, पुठ्ठा वापरायचा असेल तर एलईडी बल्बच घ्या. तोही तासाभरात बुडाशी चांगला तापतो, पण कागद जाळत नाही.

मग दिवाळीच्या आधी गल्लीतली पोरं कामट्या बांधत बसली होती, ते बघताना डोक्यात उजेड पडला. आकाशकंदील करतो तेव्हा आपण काय करतो? मध्ये बल्ब, भोवती कामट्यांचा सांगाडा, त्यावर पातळ कागद. स्टुडिओतला सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड मऊ करून पसरवणारा पेटारा, हा एका बाजूनेच उघडा असलेला आकाशकंदील आहे, झालं.

बुरुडाकडून बोटभर रुंदीच्या कामट्या चिरून घ्या. दोन फूट बाय दोन फुटांची पुढची चौकट बांधा. मागे नऊ इंची चौकोनी प्लायवुडचा तुकडा. चौकटीचे चार कोपरे आणि प्लायचे चार कोपरे दीड-दीड फुटाच्या तिरक्या कामट्यांनी जोडा. गाठीला सुतळी नको, ती सैल पडते. मांजा गुंडाळून वरून फेव्हिकॉल लावा आणि रात्रभर वाळू द्या. चारही बाजूंना पुठ्ठा कापून बसवा, आतून स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल चुरगाळून परत सरळ करून चिकटवा. चुरगाळायची कारण गुळगुळीत फॉइल आरशासारखी चट्टेपट्टे पाडते, सुरकुतलेली उजेड विखुरते. मागच्या बाजूला पुठ्ठ्यात सहा-सात भोकं ठेवा, गरम हवा बाहेर जायला.

प्लायवर चार होल्डर, प्रत्येकात १२ वॅटचा बल्ब. जोडणी पॅरलल करायची. सीरिजमध्ये जोडलात तर चारही बल्ब धड पेटणार नाहीत. वायरिंगची सवय नसेल तर इथे शहाणपणा करू नका, गल्लीतल्या वायरमनला चहा पाजा. उघडी जोड पुठ्ठ्याच्या आत राहता कामा नये.

बल्ब घेताना दोन गोष्टी बघा. चारही एकाच कंपनीचे आणि एकाच रंगाचे हवेत. ६५०० केल्विन म्हणजे पांढरा निळसर, ३००० म्हणजे पिवळसर. मिसळ केली की एक गाल आजारी आणि एक गाल रागावलेला दिसतो. दुसरं म्हणजे खोक्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) लिहिलेला असेल तर ९० च्या पुढचा शोधा. ८० वाल्यात लाल रंग मरतो, माणसाच्या कातडीवर ते लगेच कळतं. आणखी एक परीक्षा दुकानातच करता येते. बल्ब पेटवून कॅमेऱ्यात १/१००० सेकंदाच्या शटरवर चार-पाच फोटो काढा. फोटोत आडवे काळपट पट्टे आले तर तो बल्ब लुकलुकतोय. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधा बल्ब सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो. डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. तसाच बल्ब घरात असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, पट्टे जातात.

आता धोतर. पुढच्या चौकटीवर आधी मांजरपाट लावला होता, पण कोरा मांजरपाट मुळातच पिवळसर, सगळे फोटो काविळीचे. आईने ट्रंकेतून आजोबांचं जुनं धोतर काढून दिलं. शेकडो वेळा धुऊन असं मऊ आणि पातळ झालेलं की हात पलीकडून दिसावा. एक पदर चौकटीवर ताणून कपड्यांच्या चिमट्यांनी लावला. पेटवलं तर समोरून चार बल्ब चार डोळ्यांसारखे दिसायला लागले. मग दुसरा पदर आत, बल्ब आणि चौकट यांच्या मधोमध, चार दोऱ्यांवर ताणला. आता पांढरा एकसारखा चौकोन दिसतो. तुम्हीही हा आतला पदर चुकवू नका.

उभं कशावर करायचं? आमच्या जुन्या स्टँड फॅनची मोटर जळाली होती. वरचं जाळी-पातं काढून टाकलं, दांड्याला पाइपाचा क्लॅम्प लावून प्लाय कसला. उंची कमीजास्त होते, बूड जड आहे. तरी बुडावर वाळूची पिशवी ठेवाच. मी ठेवली नव्हती. आमच्या मेहुण्याचा पाय वायरीत अडकला आणि अख्खा पेटारा दिवाणावर आडवा झाला. दिवाण होता म्हणून वाचलं.

सगळ्याचा खर्च बघाल तर नवे चार बल्ब, होल्डर, वायर मिळून सातशे-साडेसातशे.

पेटारा लावायचा कुठे, हे तो बांधण्यापेक्षा महत्त्वाचं. दोन फुटांचा पेटारा असेल तर माणसापासून दोन-तीन फुटांवरच ठेवा. लोक घाबरून खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेतात. तिथून तोच पेटारा माणसाच्या दृष्टीने खिडकीएवढा न राहता पोस्टकार्डाएवढा होतो, मग सावल्या कडक पडतात. शिवाय अंतर दुप्पट केलं की उजेड जवळजवळ पाव उरतो. चेहऱ्याच्या थोडा वर, एका बाजूला पंचेचाळीस अंशात, ही सुरुवात. दुसऱ्या बाजूला टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल उभा करा, सावलीतला गाल उजळतो. खोलीतली ट्यूब बंद. माझ्याकडे आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील तो आकडा) ८००, एफ (लेन्सचं तोंड किती उघडं तो आकडा) ४, शटर १/१०० असं साधारण जमतं, तुमचं कापड जाड असेल तर आयएसओ वाढवा.

मागे काय लावायचं याला माझं एकच उत्तर आहे: काळं घोंगडं. काळी सॅटिन चमकते, काळ्या चादरीचा फोटोत राखाडी रंग होतो. घोंगड्याची लोकर मात्र उजेड गिळून टाकते. माणूस त्याच्यापुढे चार फूट उभा करा म्हणजे पेटाऱ्याचा उजेड मागे पोचतच नाही. घोंगडं झटकून घ्या, नाहीतर एकेक धागा-कस्पट ताऱ्यासारखं चमकतं.

इथवर साधे फोटो झाले. खरी मजा पुढे आहे.

आईला हवेत बसवलं तो फोटो आमच्या नात्यात सगळ्यांच्या मोबाइलवर फिरलाय. कृती सोपी आहे. कॅमेरा तिकाटण्यावर, फोकस हाताने लावून कुलूपबंद, सगळी सेटिंगं मॅन्युअल. आधी रिकाम्या खोलीचा फोटो. मग स्टुलावर आईला बसवून दुसरा. दोन्ही गिम्प या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक ठेवायचे आणि वरच्या फोटोतलं स्टूल मास्कने (वरच्या फोटोचा हवा तो भाग झाकायची सोय) पुसायचं, खालची रिकामी फरशी दिसते. गिम्प फुकट मिळतं. दोन फोटोंच्या मध्ये दिवा, कॅमेरा, पडदा, काहीही हललं तर खेळ संपला. पहिल्यांदा माझा फोटो खोटा वाटत होता, का ते कळेना. नीट बघितलं तर लुगडं स्टुलावर दाबून सपाट झालं होतं. हवेत बसलेल्या बाईचं लुगडं असं सपाट कसं राहील? म्हणून स्टुलापेक्षा लहान पाट वर ठेवा, बसणारीला काठावर बसवा आणि पदर, निऱ्या खाली लोंबू द्या. स्टुलाची सावली पुसलीत तरी माणसाची सावली फरशीवर ठेवा, तिच्यानेच तो वर आहे असं वाटतं. आई हवेत लसूण सोलतेय. फोटो काढताना म्हणाली, "मला कशाला आत्ताच वर धाडतोयस? जायचं तवा जाईन की."

दुसरा खेळ भडंगाचा. सांगलीत राहून भडंगाचा फोटो काढला नाही तर काय केलं? मेहुण्याच्या डोक्यावर भडंगाचा पाऊस, तो दचकलेला, एकेक चुरमुरा हवेत थांबलेला. हे पेटाऱ्यावर जमत नाही. चुरमुरा थांबवायला १/१००० च्या आसपास शटर लागतं, एवढा उजेड चार बल्ब देत नाहीत. इथे फ्लॅश. फ्लॅश १/१६ ताकदीवर ठेवला की त्याचा लखकन उडणारा उजेड सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी टिकतो. खोली अंधारी असेल तर फोटो फक्त तेवढ्या वेळात घडतो. कॅमेऱ्याचं शटर १/२०० च ठेवायचं, डी३२०० फ्लॅशबरोबर त्याच्यापुढे जात नाही. एफ ८, आयएसओ ४००. पेटारा बंद करा, नाहीतर चुरमुऱ्यांना भुतासारख्या शेपट्या येतात. फोकस आधीच लावून ठेवा. मेहुण्याच्या नाकासमोर स्टीलचा डाव धरला, त्यावर फोकस केला, डाव काढून घेतला.

आम्ही पहिल्या वीस फोटोंत ओंजळीने भडंग उडवला. गोळा वर जायचा, गोळाच खाली यायचा. आई दारात उभी राहून बघत होती. शेवटी आत जाऊन सूप घेऊन आली. पाखडायला सूप झटकतात तसं तिने मनगटाने एक हिसका दिला आणि चुरमुरे, शेंगदाणे, लसणाच्या पाकळ्या एका पातळ पडद्यासारख्या पसरून वर गेल्या. वर पोचल्यावर क्षणभर सगळं थबकतं, तेव्हाच बटण दाबायचं. तिचा हात वर जाताना मी मनात "एक" म्हणायचो, "दोन"ला दाबायचो. पाचव्या हिसक्याला फोटो मिळाला. शेंगदाणे जरा खाली, चुरमुरे वर. खाली जुनं लुगडं अंथरलं होतं, तरी चार दिवस मुंग्या होत्या.

हळदीचा फोटो मी बरेच दिवस टाळत होतो. दिवसभर तेच बघायचं आणि रात्री परत तेच? पण दुकानात सकाळच्या उन्हात पोतं उघडताना जो सोनेरी धूर उठतो, तो घोंगड्यापुढे हवा होता. हळदपूड समोरून उजळलीत तर चिखल दिसतो. दिवा मागे पाहिजे. फ्लॅश माणसाच्या पाठीमागे, कॅमेऱ्याकडे तोंड करून, त्याच्या अंगाआड लपवलेला. उजेड थेट लेन्समध्ये येऊ नये म्हणून बाजूला पुठ्ठा. मेहुण्याच्या तळव्यावर दोनच चमचे हळद, डोळे मिटून जोरात टाळी. बस्स. मूठभर घेतली की नुसता ढग, माणूस गायब. पंखा बंद, खोलीत गॅस, समई, उदबत्ती काही पेटलेलं नको. हवेत उडालेली बारीक पूड ज्योतीवर भडकते. लहान पोरांना यात घेऊ नका, डोळ्यांत गेली तर फार चुरचुरते.

फोटो झकास आला. पण कोपऱ्यात उभ्या पेटाऱ्यावरचं धोतर पिवळं झालं. मी घाईने कपड्यांच्या साबणाने चोळलं तर ते डोळ्यांदेखत लालभडक. आजोबांच्या धोतराचं काय केलं म्हणून माझ्या पोटात गोळा. आई हसायला लागली. हळदीला चुना लागला की कुंकवाचा रंग येतो, साबणातला खारही तेच करतो. भरपूर पाण्यात खळबळल्यावर लाल गेला, पिवळा राहिला. तो साबणाने जात नाही, उन्हाने जातो. गच्चीवर दोन दिवस कडक उन्हात वाळत घातलं, डाग उडून गेला.

त्यावरून एक धोतर मुद्दाम हळदीच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवलंय. ६५०० केल्विनच्या बल्बांपुढे ते लावलं की कृष्णेच्या घाटावरची संध्याकाळ घरात येते. हे मात्र उन्हात ठेवायचं नाही, ट्रंकेत घडी घालून ठेवायचं, नाहीतर परत पांढरं.

आणि हळदीच्या रात्री लेन्स बदलू नका. कॅमेरा आधी बाहेरून कोरड्या ब्रशने झटका, रबरी ब्लोअरने फुंका, ओलं फडकं लावू नका. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या खोलीत लेन्स काढा.