बारावी आर्ट्स झाली, आता नर्सिंगचं काय?

जिंतूरहून मामेबहिणीचा फोन आला, "ताई, आर्ट्सवाल्यांना नर्सिंगला घेतात का?" मी स्वतः बारावी आर्ट्स, आज स्टाफ नर्स आहे. म्हणजे घेतात. पण कुठल्या कोर्सला, ते समजून घ्या.

बी.एस्सी. नर्सिंगला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतंच. खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, राखीवला ४०, वर राज्याची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा. चार वर्षं, पदवी नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची. जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी हा डिप्लोमा, तीन वर्षांचा. तिथं आर्ट्स चालतं, पण बारावीला ४० टक्के हवेत आणि इंग्रजीतही वेगळे ४० हवेत. एएनएम, म्हणजे सहायक नर्स-दाईचा कोर्स, दोन वर्षांचा, फक्त मुलींसाठी; उपकेंद्र, लसीकरण, गरोदर बायांची नोंद असं गावपातळीचं काम. तिन्हींना वय ३१ डिसेंबरला १७ पूर्ण पाहिजे.

आर्ट्स म्हणून हिरमुसू नका. जीएनएम करून नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन घेतलं की दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग करून पदवी मिळते. चारऐवजी पाच वर्षं, एवढंच. मी तसंच केलं.

चुकले ते कॉलेज निवडताना. कॉलेजचं नाव सांगत नाही. तीन मजली इमारत, रंग नवा, स्किल लॅबमध्ये गुळगुळीत पुतळा. बाबांनी सोयाबीनच्या पैशातनं पहिला हप्ता भरला. वॉर्डात गेलो तर आम्ही सहाजणी आणि पेशंट एक! त्या म्हाताऱ्या आजीचा बीपी आम्ही एकामागून एक घेतला. चौथीच्या वेळी आजी म्हणाली, "बाई, आता हात सुजंल माझा." सोडून जावं म्हटलं, तर मूळ टीसी कॉलेजात जमा आणि सुटायला उरलेल्या वर्षांची फी मागत होते. राहिले. पुढं सरकारी दवाखान्यात पोस्टिंग लागली, तेव्हा कुठं सलाईन लावायला हात बसला.

म्हणून बहिणीला सांगितलं, इमारत बघू नको, खाटा बघ. कॉलेजचं स्वतःचं शंभर खाटांचं हॉस्पिटल पाहिजे असा नियमच आहे. कागदावर शंभर असतात. सकाळी नऊला न सांगता वॉर्डात चक्कर मार, किती भरल्यात ते कळतं. शेवटच्या वर्षाच्या मुलींना गाठून विचार, डिलिव्हऱ्या किती बघितल्या. आधी इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र कौन्सिलच्या यादीत कॉलेजचं नाव शोध. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयासारख्या सरकारी ठिकाणी नंबर लागला तर घराजवळच्या खाजगीच्या मोहात पडू नको. सरकारीत पेशंटला तोटा नाही. पाय मात्र दुखतात.

आणि कागदपत्रं. डोमिसाईल, नॉन क्रिमिलेअर, जात वैधता. वैधतेला महिनोन्महिने लागतात, बारावीचा निकाल लागायची वाट बघितली तर अडकलात. बहिणीची फाईल अजून जात पडताळणी समितीकडेच आहे. मामा उद्या पुन्हा परभणीला चाललेत.