बुवाला बाजूला ठेवून गाथा कशी वाचायची

गावात सप्ताह लागला की बॅनर एकदा नीट बघा. मधे कीर्तनकाराचा भलामोठा फोटो, वर पुढाऱ्यांची रांग, खाली सौजन्य अमुकतमुक डेव्हलपर्स, आणि तुकोबा कुठे तर कोपऱ्यात, पासपोर्ट साइजमधे. हे बघून बऱ्याच जणांचं असं होतं की ते सगळंच सोडून देतात, म्हणजे बुवाबरोबर अभंगही गेला. उरलेले दुसऱ्या टोकाला, परंपरा आहे ना, मग खोट काढायची नाही. दोघांचंही नुकसानच. मधला रस्ता आहे, थोडा मेहनतीचा आहे, आणि गंमत म्हणजे तो संतांनीच घालून दिलाय. मी इथे फक्त वारकरी परंपरेबद्दल लिहितोय, घरातली तीच माहितीये, दुसऱ्यांच्या देव्हाऱ्यात कशाला हात घाला.

पहिली गोष्ट, ऐकायच्या आधी वाचा. आपलं नेमकं उलटं असतं, तुकाराम आपल्याला कीर्तनातून, सिरीयलमधून, रीलमधून आणि आजकाल व्हॉट्सअॅपवरच्या सुविचारातून भेटतो आणि गाथा कपाटात लाल कापडात बांधून ठेवलेली असते. सरकारी गाथेत ४६०७ अभंग आहेत. रोज पाच वाचले तरी अडीच वर्षं जातात, त्यामुळे घाई नाही, आणि प्लीज पहिल्या अभंगापासून सुरू करू नका, मधेच कुठेही उघडा. पारायणाचा स्पीड वेगळा असतो, तिथे पानं संपवायची असतात, इथे आपल्याला एका ओळीवर अडकायचंय. सार्थ गाथा घेतली तर हरकत नाही पण आधी मूळ अभंग दोनदा वाचा, नाही कळला तरी वाचा, मग अर्थ बघा, कारण बऱ्याच ठिकाणी अर्थ म्हणून जे छापलेलं असतं ते अर्थ सांगणाऱ्याचं स्वतःचं प्रवचन असतं. तुकोबा चिडलेले असतात आणि खाली अर्थात ते शांतपणे उपदेश करताना दिसतात, असं किती वेळा होतं बघाच.

शेवटी 'तुका म्हणे' आलं म्हणजे ते तुकोबांचं असं पण नाही बरं का. कुणीही चार ओळी जुळवून शेवटी ते टाकू शकतं, आणि टाकलेलं आहे. नामदेवांच्या गाथेत तर नंतरच्या विष्णुदास नामा नावाच्या कवीच्या रचना इतक्या मिसळल्यात की अभ्यासकांनाही त्या वेगळ्या काढता काढता नाकी नऊ येतात. फॉरवर्ड आला की साधं काम करा, गाथेच्या मागे अभंगांची सूची असते त्यात पहिली ओळ शोधा. नसेल सापडत तर तो अभंग कितीही आवडला तरी तुकोबांच्या नावावर पुढे ढकलू नका. हे काय आजचं नास्तिकांचं खूळ आहे असं कुणी म्हणालं तर त्यांना एकनाथांचं उदाहरण द्या. ज्ञानेश्वरी १२९० ची, पुढच्या तीनशे वर्षांत नकला करताना त्यात कायकाय शिरलं, तर नाथांनी १५८४ मधे बसून पोथ्या ताडून पाहिल्या आणि शुद्ध प्रत केली, आणि शेवटी सरळ दम भरला, 'ज्ञानेश्वरीपाठीं जो ओंवी करील मऱ्हाटीं, तेणें अमृताचे ताटीं जाण नरोटी ठेविली', म्हणजे ज्ञानेश्वरीत स्वतःची ओवी घुसवणं म्हणजे अमृताच्या ताटात करवंटी ठेवणं. म्हणजे परंपरेत घुसलेला कचरा काढणं हे परंपरेतलंच काम आहे, आणि ते करणारा माणूस एकनाथांसारखा, ज्याच्या श्रद्धेवर कुणाला शंका घेता येणार नाही.

आता मुख्य कसोटी. कुणाचंही वचन, कुणाचंही कीर्तन समोर आलं की विचारायचं, हे बोलणाऱ्याने काय घालवलं आणि काय मिळवलं? तुकोबांच्या घरी सावकारी होती, महाजनकी होती. १६३० च्या दुष्काळात बायको गेली, मुलगा गेला, आणि परंपरा सांगते की भावाचा वाटा त्याच्या हातात देऊन स्वतःच्या वाट्याची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत सोडली. ज्या माणसाने लोकांकडचं येणं बुडवलं तो 'जे का रंजले गांजले' म्हणतो तेव्हा त्या ओळीला वजन येतं. तीच ओळ पन्नास लाखाच्या गाडीतून उतरून कुणी म्हटली तर ओळ खोटी होत नाही हे लक्षात घ्या, फक्त त्या माणसाला नमस्कार करायचं कारण उरत नाही. ह्या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवता आल्या की अर्धं काम झालं. चोखोबांनी, म्हणजे संत चोखामेळ्यांनी, हेच सांगून ठेवलंय, 'ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा', पण मला ही ओळ जरा जपून वापरावीशी वाटते, कारण आजकाल बुवाची लफडी झाकायलाही हीच म्हणतात, की बघा ऊस वाकडाच असतो. ज्याला देवळाची पायरी चढू दिली नाही त्याने हे म्हणणं वेगळं आणि ज्याच्या ताब्यात देऊळ आहे त्याने म्हणणं वेगळं.

त्यावरून पुढची पायरी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. परंपरेतल्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसवलेल्या माणसाला आधी ऐका. ज्ञानेश्वर, तुकाराम सगळेच वाचतात. चोखामेळा, त्यांची बायको सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, नामदेवांच्या घरची दासी जनाबाई, ह्यांचं वाचा. चोखोबांच्या नावावर एक अभंग आहे, त्यात मागच्या जन्मी कृष्णाची निंदा घडली म्हणून महार जन्म मिळाला असं येतं. बऱ्याच जणांना हे वाचून वाईट वाटतं, काहीजण तो अभंग लपवतात, काहीजण म्हणतात प्रक्षिप्त, म्हणजे नंतर कुणीतरी घुसवलेला, असणार. लपवू नका. तो वाचा आणि लगेच पोराचा वाचा, 'आमुची केली हीन याती, तुज कां न कळे श्रीपती, जन्म गेला उष्टें खातां, लाज न ये तुमचे चित्ता'. देवाला लाज काढतोय तो, सरळ तोंडावर. बाप स्वतःकडे दोष घेतो आणि पोरगा देवाला जाब विचारतो, आणि दोन्ही अभंग एकाच परंपरेने सांभाळून ठेवले. सोयराबाई तर तिसरंच विचारते, विटाळ देहातच जन्मला तर मग सोवळा झालाच कोण? ह्या तिघांपैकी कुणाचं खरं हे तुम्ही ठरवा, पण 'संत म्हणतात' असं एका वाक्यात कुणी गुंडाळायला लागलं की समजा की त्याने तिघांनाही वाचलेलं नाही.

ह्याच्या बरोबरीने इतिहास पण माहीत असू द्या, नाहीतर वाचन गोडगोड होतं. चोखोबा १३३८ च्या सुमारास मंगळवेढ्याला भिंत कोसळून गेले, समाधी पंढरपुरात विठ्ठल मंदिराच्या महाद्वारासमोर, बाहेर. आणि त्यांच्या लोकांना आत जायला मिळालं १९४७ मधे, तेही साने गुरुजी तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले तेव्हा. सहाशे वर्षं! ह्यातली शेवटची जवळजवळ तीनशे वर्षं चंद्रभागेच्या वाळवंटात तुकोबांचं 'वर्ण अभिमान विसरली याति, एकएकां लोटांगणीं जाती' म्हटलं जातच होतं. इरावती कर्वे दिंडीबरोबर चालल्या त्याबद्दल त्यांनी लिहून ठेवलंय, भजन एकत्र आणि पंगती मात्र जातीप्रमाणे वेगळ्या. मग अभंग खोटा का? मला नाही वाटत. पण हेही विसरू नका की ज्या मठात उपोषण झालं तो वारकरी महाराजांचाच मठ होता, म्हणजे दार बंद करणारे आणि दारासाठी जागा देणारे दोन्ही आतलेच. मंदिरातल्या बडवे-उत्पात ह्या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरेचे हक्क १९७३ च्या कायद्याने काढले, त्यावर कोर्टकचेऱ्या चालल्या त्या थेट जानेवारी २०१४ पर्यंत, सुप्रीम कोर्टाने शेवटचा निकाल देईपर्यंत. त्याच वर्षी मंदिर समितीने पुजारी म्हणून सगळ्या जातीतल्या लोकांचे आणि बायकांचेही अर्ज मागवले. आता समितीचा कारभार कसा चाललाय ते बघायला पेपर आहेतच, हक्क काढले म्हणून माणसं बदलत नाहीत.

कीर्तनाचं काय करायचं, जायचं की नाही? जा की. चांगलं कीर्तन ऐकायला मिळणं ही मोठीच गोष्ट आहे, पखवाज आणि टाळ लागले की जे होतं ते वाचून होत नाही. फक्त कान उघडे ठेवून बसा. सुरुवातीला जो अभंग लावला त्यावर बुवा किती वेळ बोलले ते बघा. दोन तासांच्या कीर्तनात अभंग पाच मिनिटं, आणि बाकी सगळं पोरींचे कपडे, सुनांचे मोबाईल, सासूचे विनोद आणि मधेच एखाद्या नेत्याची आरती असेल तर तुम्ही कीर्तनाला गेलाच नव्हता. दुसरं, अभंग पूर्ण म्हणतात की सोयीच्या दोनच ओळी उचलतात ते बघा. घरी येऊन गाथेत तो अभंग काढायचा, उरलेल्या ओळी वाचायच्या, बऱ्याचदा खरी चपराक त्या गाळलेल्या ओळीत असते.

आणि पैसा. इथे तुकोबांनी काही शिल्लकच ठेवलेलं नाही, 'जेथें कीर्तन करावें, तेथें अन्न न सेवावें, बुका लावूं नये भाळा, माळ घालूं नये गळां', जेवू नको, हार घालून घेऊ नको, इतकंच काय बैलाला दाणावैरण मागू नको, आणि शेवट 'द्रव्य घेती, देती तेही नरका जाती'. देणारेही! म्हणजे आम्ही अमक्या महाराजांना इतकं पाकीट दिलं म्हणून मिरवणारी सप्ताह कमिटी पण त्यातच आली. आता हे अक्षरशः लावलं तर महाराष्ट्रात कीर्तनच होणार नाही हे मलाही कळतं, पखवाजवाल्याला घर असतं, गाणारा मुलगा आळंदीला शिकून आलेला असतो, एसटीचं तिकीट कुणीतरी द्यायलाच पाहिजे. माझी रेघ अशी, खर्च आणि पोटापुरतं चालेल, पण आधी रेट ठरल्याशिवाय तारीखच मिळत नसेल तर तो धंदा आहे, आणि धंद्याला धंदा म्हणावं, त्याच्या पाया पडू नये. तुमची रेघ वेगळी असू शकते. आळंदीची वारकरी शिक्षण संस्था जोग महाराजांनी १९१७ मधे काढली ती हाच अभंग डोळ्यापुढे असलेल्या काळात, आणि गाडगेबाबांनी तर कमालच केली, दिवसा झाडू, रात्री कीर्तन, लोकांच्या पैशातून धर्मशाळा उभ्या केल्या, आणि पंढरपुरातली चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा १९४९ मधे बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेला देऊन टाकली. असा हिशोब दिसला की माणूस ओळखायला वेळ लागत नाही.

ज्यांना जमेल त्यांनी वारीत थोडे दिवस तरी चाला, एखाद्या दिंडीत भिशी, म्हणजे जेवणाखाणाचे पैसे, भरून. व्हीआयपी दर्शनाला जाऊन परंपरा कळत नाही. चालताना बघा की विणा कुणाच्या गळ्यात आहे, पाणी कोण भरतंय, भाकऱ्या कोण थापतंय, मुक्कामाला ट्रकखाली कोण झोपतं आणि तंबूत कोण. तिथेच एखादी सत्तरीची बाई अनवाणी चालता चालता हरिपाठाची ओळ अशी सहज म्हणून जाते, की वर्षभर ऐकलेली सगळी निरुपणं फिकी पडतात. हे लोक बॅनरवर नसतात.

बाकी, संतांच्या नावाखाली कुणी मूल होण्याचं औषध, भूत उतरवणं, चमत्कार दाखवून पैसे असं काही करत असेल तर तिथे अध्यात्माची चर्चा करत बसू नका, पोलीस ठाण्यात जा, २०१३ चा जादूटोणा विरोधी कायदा त्यासाठीच आहे. त्या कायद्यात वारी, कीर्तन, प्रवचन ह्यांना स्पष्ट सूट दिलेली आहे, त्यामुळे तो वारीविरुद्ध आहे असं जो सांगतो त्याने तो वाचलेला नाही. नवसाबद्दल तर तुकोबांनीच विचारून ठेवलंय, 'नवसें कन्यापुत्र होती, तरि कां करणें लागे पती'. ह्यापुढे अंनिसवाले, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीवाले, तरी वेगळं काय बोलतात.

घरच्यांशी मात्र जरा सांभाळून. नवीन नवीन वाचायला लागलं की माणसाला भोंदू शोधायचा छंद लागतो, जेवताना पण तेच, आणि मग आजी बिचारी संध्याकाळी हरिपाठ म्हणायलाही घाबरते. आजीला शिकवायला जाऊ नका. आजीला विचारा की तिला कुठला अभंग पाठ आहे आणि तो तिने कुणाकडून घेतला, बहुतेक वेळा उत्तर बुवा नसतो, जात्यावर बसलेली तिची आई नाहीतर आत्या असते. जनाबाई अशाच आल्यात आपल्यापर्यंत. आणि घरात कुणी खरंच एखाद्या बाबाच्या नादी लागलं असेल तर वाद घालण्यापेक्षा त्याच्याच हातात गाथा द्या, 'ऐसे कैसे जाले भोंदू, कर्म करूनि म्हणती साधु' हे तुम्ही म्हणण्यापेक्षा तुकोबांनी म्हटलेलं त्याला जास्त पचेल.

कुठून सुरू करू असं विचाराल तर मी म्हणेन आधी कर्ममेळा आणि सोयराबाई, थोडेच अभंग आहेत, एका बैठकीत होतात. मग जनाबाई, मग तुकोबा वर सांगितलं तसं मधूनच उघडून, आणि ज्ञानेश्वरी सगळ्यात शेवटी, तीही बाराव्या अध्यायापासून, पहिल्यापासून लागलात तर अर्जुनाच्या विषादातच अडकाल. सकल संत गाथेत ही सगळी मंडळी एकत्र मिळतात, पुस्तक जाडजूड आणि थोडं महाग आहे, पण तालुक्याच्या लायब्ररीत बहुतेक असतं आणि बहुतेक वेळा कुणी नेलेलं नसतं.