मुलांना बेसबॉल शिकवताय? बॅटिंगचे आकडे वाचताना या चुका टाळा

नेरूळ-वाशीपासून ठाण्यापर्यंत शाळांचे बेसबॉल संघ घेऊन फिरणारे नवे कोच हल्ली आकडे ठेवतात, ही चांगली गोष्ट आहे. पण स्पर्धा संपायच्या आत पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सरासरीची यादी पडते आणि दुसऱ्या दिवशीची बॅटिंग ऑर्डर तिच्यावरून ठरते. ती यादी बहुतेक वेळा चुकीची असते आणि भोगावं लागतं मुलांना.

वॉक अ‍ॅट-बॅटमध्ये धरणं, एररला हिट म्हणणं

सगळ्यात जास्त चीड मला या जोडगोळीची येते. बेसबॉलची सरासरी म्हणजे हिट भागिले अ‍ॅट-बॅट. हिट म्हणजे फील्डरची चूक (एरर) न होता स्वतःच्या फटक्याने बेस गाठणं. वॉक (चार बाहेरचे बॉल सोडून मिळालेला फुकटचा पहिला बेस) मिळाला, बॉल अंगावर लागला किंवा सॅक्रिफाइस बंट (स्वतः आउट होऊन साथीदाराला पुढे सरकवणारा हलका फटका) पडला, तर ती पाळी अ‍ॅट-बॅटमध्ये धरत नाहीत. आपल्याकडे स्कोअर लिहायला बसवलेला माणूस बहुधा क्रिकेटवाला असतो. मुलगा जितक्या वेळा बॅट घेऊन उभा राहिला, तितक्याने तो भागून टाकतो.

एका जिल्हास्तर शालेय स्पर्धेत शेजारच्या संघाची स्कोअरची वही माझ्या हातात आली. त्यांच्यात एक बारीक चणीचा मुलगा होता. १६ पाळ्या, २ हिट, ६ वॉक, एकदा दंडावर बॉल. कोचने सोळाने भागून ०.१२५ काढले आणि त्याला नवव्या क्रमांकावर ढकललं. पानावर सगळ्यात वर दुसराच मुलगा: १२ अ‍ॅट-बॅट, ६ हिट, ०.५००. हे सामने मी पाहिले होते. त्या सहापैकी चार ग्राउंडर (जमिनीवरून गेलेले फटके) सरळ शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फील्डरच्या, ग्लव्हमध्ये गेले आणि सुटले. हे चारही एरर. म्हणजे हिट दोनच, सरासरी ०.१६७. उलट त्या बारीक मुलाचे अ‍ॅट-बॅट नऊच, सरासरी ०.२२२. आणि तो बेसवर किती वेळा पोचला? सोळापैकी नऊ वेळा, ऑन-बेस ०.५६३. संघात त्याच्या जवळपासही कोणी नव्हतं.

पुढचा सामना ते एका रनने हरले. शेवटचा आउट झाला तेव्हा तो बारीक मुलगा हेल्मेट घालून ऑन-डेक, म्हणजे पुढच्या पाळीची वाट बघत, उभा होता.

कोचशी बोललो तर म्हणाला, “सर, वॉकमध्ये त्याने केलं काय? नुसता उभा राहिला.” बारा वर्षांच्या पोराने बाहेरचे चार बॉल सोडणं म्हणजे नुसतं उभं राहणं नव्हे. त्या वयात सगळ्यांचे हात शिवशिवत असतात. अमेरिकेच्या मेजर लीगमधल्या टेड विल्यम्सची १९४१ सालची ०.४०६ सरासरी सगळे सांगतात: ४५६ अ‍ॅट-बॅटमध्ये १८५ हिट. त्याच मोसमात तो १४७ वेळा वॉक घेऊन पहिल्या बेसवर गेला होता, हे फारसं कोणी सांगत नाही.

माझी सवय अशी: पालकांना आधी ऑन-बेस सांगायचा, सरासरी नंतर. आणि खेळणाऱ्या मुलाच्या बाबांना स्कोअर लिहायला कधीच बसवायचं नाही. हिट की एरर हे ठरवताना प्रश्न एकच, की त्या स्तरावरच्या साधारण फील्डरने साध्या प्रयत्नात तो आउट केला असता का? आपल्या मैदानांवर पावसाळ्यानंतर माती वाहून खडी वर येते. बॉल खड्यावर आपटून अचानक खांद्यावरून उडाला, तर फील्डरचा दोष नाही, तो हिट. सरळ आलेला ग्राउंडर पायांमधून गेला, तर एरर. शंका आली की मी पेन्सिलीने गोल करतो आणि सामना संपल्यावर दुसऱ्या संघाच्या कोचला विचारतो.

चार सामन्यांवरून मुलगा ‘फॉर्ममध्ये नाही’ म्हणणं

बारा अ‍ॅट-बॅटमध्ये चार हिट म्हणजे ०.३३३, तीन म्हणजे ०.२५०. फरक एका हिटचा. सेकंड बेसमनने एक चांगली झेप घेतली की तुमचा ‘स्टार’ एका दिवसात ‘साधारण’ होतो. शंभर अ‍ॅट-बॅट झाले असतील तर तोच एक हिट सरासरी फक्त ०.०१० ने हलवतो. शालेय मोसमात शंभर अ‍ॅट-बॅट कुठून आणणार? म्हणून मी सरासरीपेक्षा प्रत्येक पाळीचं टिपण ठेवतो: किती बॉल पाहिले, बाहेरच्या बॉलवर बॅट फिरवली का, बॉल बॅटच्या मधोमध लागला का. कडक लागलेल्या बॉलला त्रिकोण, मग तो आउट असो वा हिट. ज्याच्या पानावर त्रिकोण दिसतात, त्याला मी ऑर्डरमधून हलवत नाही. हे टिपण ठेवायला वेळ लागतो. अ‍ॅपमध्ये नावं भरून रात्री तयार आकडा हवा असेल, तर कोचिंग तुमचं काम नाही.

सामन्यांच्या सरासऱ्यांची सरासरी काढू नका. पहिल्या सामन्यात १ पैकी १, दुसऱ्यात ४ पैकी ०, तर उत्तर ०.५०० नव्हे, ०.२००.

आरबीआयवरून (आपल्या पाळीत घरी आणलेले रन) मुलांची तुलना नको. आधीचे तिघे बेसवरच नसतील, तर चौथा कोणाला घरी आणणार?

स्लगिंग (हिटवर मिळालेले एकूण बेस भागिले अ‍ॅट-बॅट) काढा, पण मैदान बघून. आउटफिल्डला कुंपण नसलं की साधा सिंगल गडगडत भिंतीपर्यंत जातो आणि वहीत होमरन लागतो.

क्रिकेटच्या सरासरीशी तुलना होऊ देऊ नका. एका आईने काळजीने विचारलं होतं, “सर, दहापैकी तीनदाच? क्लास लावू का?” मी म्हटलं, “ताई, ०.३०० वाल्याला मोठमोठे संघ शोधत असतात.” मोसमाच्या पहिल्या पालकसभेत हे सांगून टाका. चौदा वर्षांखालच्या मुलांना तर आकडे दाखवूच नका, त्रिकोण दाखवा.

आणि सरावात कोचने टाकलेल्या बॉलवरचे हिट सामन्यांच्या पानावर चढवू नका. त्यांना वेगळं पान ठेवा.