रत्नागिरीत कर्करोगाचे उपचार आवाक्यात आणण्यासाठी संस्थांनी एकत्र कसे यावे

तोंडातला व्रण तीन आठवडे उलटूनही भरत नाही, असे लक्षात आल्यापासून उपचाराचा पहिला दिवस उजाडेपर्यंत रत्नागिरीतल्या रुग्णाला कोणकोणती दारे ठोठवावी लागतात, ते आधी कागदावर मांडावे. दंतवैद्य, जिल्हा शासकीय रुग्णालय, खासगी पॅथॉलॉजी, शिधापत्रिकेसाठी तहसील कार्यालय, शासकीय आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र (योजनेतून उपचार मिळवून देणारा मदतनीस) आणि मग तीनशेहून अधिक किलोमीटरवरचे मुंबईतल्या परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय. यातले बहुतेक दार उघडेच असते. एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत हात धरून नेण्याचे काम मात्र कोणाकडेच सोपवलेले नसते. संस्थांच्या भागीदारीने नेमके हेच काम अंगावर घ्यावे.

सुरुवात समितीपासून करावी. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांसाठी 2017 मध्ये दावोस येथे सुरू झालेला ‘सिटी कॅन्सर चॅलेंज’ हा उपक्रम काली (कोलंबिया), असुन्सिऑन (पॅराग्वे) आणि यांगून (म्यानमार) येथे प्रथम राबवला गेला. रत्नागिरी त्या मानाने लहान असली तरी त्यातला क्रम उचलण्याजोगा आहे: रुग्णालये, प्रशासन आणि रुग्ण यांनी एकत्र बसून आधी उणिवा नोंदवायच्या आणि मगच प्रकल्प ठरवायचे. आपल्याकडे हे बहुधा उलटे घडते, म्हणजे देणगीदार येतो, यंत्र येते, फीत कापली जाते आणि यंत्र चालवणारा माणूस कोठून आणायचा याचा विचार त्यानंतर सुरू होतो. समितीत जिल्हा शल्यचिकित्सक, नगर परिषद, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, खासगी डॉक्टर व दंतवैद्य, मच्छीमार सहकारी संस्था, महिला बचत गटांचा संघ, एसटी आणि औद्योगिक वसाहतीतले कारखानदार असावेत. शिवाय स्वतः उपचार घेऊन आलेली दोन माणसे असावीत, आणि जागा अपुरी पडली म्हणून त्यांनाच वगळू नये.

पहिले काम मोजणीचे. गेल्या वर्षभरातले बायोप्सीचे (गाठीचा किंवा व्रणाचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचे) जे अहवाल कर्करोगाचे निघाले, त्या प्रत्येक रुग्णाशी रुग्णालयामार्फत आणि संमती घेऊनच संपर्क साधावा, आणि उपचार सुरू झाले का, कोठे, किती दिवसांनी, मध्येच सुटले का, एवढेच विचारावे. या यादीतून जे दिसेल ते कोणत्याही सर्वेक्षणाहून अधिक कामाचे असेल.

तपासणीसाठी नवी पद्धत शोधण्याची गरज नाही. राष्ट्रीय कार्यक्रमानुसार तिशीपुढील व्यक्तींची तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी व्हायची असते, आशाताई घरोघरी प्रश्नावली भरतात आणि गर्भाशयमुखाची प्राथमिक तपासणी ॲसेटिक ॲसिड लावून करता येते. अडते ते तपासणीच्या वेळेपाशी. मिरकरवाड्याच्या बंदरावर पहाटे लिलावाला उभी राहणारी बाई सकाळी दहाच्या शिबिराला येणार नाही, कारण त्या वेळी ती पाटी घेऊन दारोदार फिरत असते. तिच्यासाठी जून-जुलैतील मासेमारी बंदीचे दिवस धरावेत किंवा तपासणी दुपारनंतर तिच्या वाडीतच ठेवावी. मिश्रीबद्दल (दातांना लावायच्या भाजलेल्या तंबाखूच्या पुडीबद्दल) विचारताना ‘तंबाखू खाता का?’ असे विचारल्यास उत्तर हमखास ‘नाही’ असे येते, कारण मिश्री लावणे म्हणजे तंबाखू खाणे असे कोणी मानतच नाही. आणि संशयित रुग्णाला पुढे कोणत्या दिवशी, कोणत्या डॉक्टरकडे पाठवायचे, हे लेखी ठरल्याशिवाय शिबिराची तारीख जाहीर करू नये.

खरी गरज आहे पगारी रुग्णमित्राची. कापड दुकानाच्या पिशवीत सगळे अहवाल घेऊन रुग्ण रात्रीच्या गाडीने निघतो, सकाळी परळला पोहोचतो आणि तेथे बायोप्सीचे मेणातले ब्लॉक व काचा (काढलेल्या तुकड्याचे जपून ठेवलेले नमुने) मागितल्या जातात. त्या तर रत्नागिरीच्या लॅबमध्येच राहिलेल्या असतात. निघण्यापूर्वी ब्लॉक व काचा मागून घेणे, आधार आणि शिधापत्रिकेवरचे नाव जुळते का ते पाहणे (लग्नानंतर बदललेले नाव येथे फार छळते), रेल्वे सवलतीचा अर्ज भरून घेणे, हे सारे रुग्णमित्राने करावे. स्लीपर आणि थ्री-टियर एसीमध्ये कर्करुग्णाचे भाडे पूर्ण माफ असते, तर सोबत्याला 75 टक्के सवलत मिळते; हे ठाऊक नसल्याने पूर्ण तिकीट काढणारे पुष्कळ आहेत.

पैशांचे स्रोत बरेच आहेत, पण ते जोडावे लागतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि आणखी 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. 2013 च्या कंपनी कायद्याखाली मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचा जो 2 टक्के हिस्सा सामाजिक कामावर खर्च करायचा असतो, तो माझ्या मते यंत्रापेक्षा रुग्णमित्राच्या पगारावर आणि प्रवासावर लावून घ्यावा, आणि करार किमान तीन वर्षांचा करावा. कंपन्यांना फलक लावता येईल असे काही हवे असते, म्हणून ही बोलणी चिवटपणे करावी लागतात.

मुंबईचे टोक विसरू नये. लालबाग-परळच्या चाळींत कोकणातल्या कित्येक गावांच्या ग्रामस्थ मंडळांच्या खोल्या अजून आहेत. त्यांतली एखादी रुग्णांसाठी राखून ठेवण्याची विनंती गणपतीत चाकरमानी गावी आलेले असताना, गावकीच्या बैठकीतच करावी. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचीही माहिती रुग्णमित्राकडे असावी. पहिल्या फेरीनंतरची केमोथेरपी शक्य तेवढी जिल्ह्यातच द्यावी. जिल्हा रुग्णालयांत डे-केअर केंद्रे (दिवसभरात उपचार घेऊन घरी परतता येईल अशी) उभारण्याची घोषणा 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झालेली आहे, टाटा मेमोरियलने डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाबरोबर याच जिल्ह्यात तपासणीचे काम केलेले आहे आणि 2012 पासूनचे नॅशनल कॅन्सर ग्रिड हे कर्करोग रुग्णालयांचे देशभरातले जाळेही आहे. त्यामुळे मोठ्या केंद्राने उपचार आखावेत आणि येथल्या डॉक्टरांनी ते पार पाडावेत, ही मांडणी लेखी करारात आणता येते.

समितीची बैठक दरमहा व्हावी आणि तिच्यापुढे दोनच आकडे यावेत: बायोप्सीपासून पहिल्या उपचारापर्यंत गेलेले दिवस आणि उपचार अर्धवट सोडलेल्यांची संख्या. फोन न उचलणाऱ्याचे नाव यादीतून खोडू नये. भातलावणीच्या दिवसांत सारे घर शेतात असते, तेव्हा आशाताईंनी संध्याकाळी दिवेलागणीनंतर त्या घरी जाऊन यावे.