मोडीतल्या गाडीकडून काय मागावं

भंगारात उभ्या गाडीपाशी गेले की मी आधी बॉनेट उघडत नाही. चारी बाजूंनी एक फेरी मारते आणि ही मेली कशाने ते शोधते. मागून ठोकलेली असेल तर उत्तम. म्हणजे शेवटच्या दिवसापर्यंत ती स्वतःच्या चाकांवर धावत होती. तिचा अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा), सेल्फ, पुढचा ॲक्सल, स्टिअरिंग बॉक्स हे सगळं चालता चालता थांबलेलं आहे. इंजिन बसलं म्हणून मोडीत निघाली असेल तर मागचा डिफरन्शियल (धुऱ्याच्या मधोमध बसून दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरांचा संच), दारं, सीट बघावेत. आणि कुठेही ठोकर नाही, नुसती म्हातारी होऊन कोपऱ्यात पडलेली असेल, तर तिच्यातला प्रत्येक पार्ट माझ्या गाडीतल्या पार्टइतकाच झिजलेला असणार. एक म्हातारा काढून दुसरा बसवण्यात हातांना काळं करण्यापलीकडे काही मिळत नाही.

पाण्यात बुडालेली गाडी वरून धुऊन ठेवली तरी ओळखू येते. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. एरवी रिळात गुंडाळलेला जो हातभर पट्टा असतो, त्यावर गाळाची रेघ दिसते. हेडलाइटच्या आत मातीचा थर, कनेक्टरच्या पिनांवर हिरवट बुरशीसारखं काहीतरी. अशा गाडीतून मी फक्त पत्रा आणि काच घेते.

माझी गाडी सुझुकी एसजे 413, कार्बोरेटरवालं 1324 सीसीचं इंजिन, पुढेमागे स्प्रिंगचे पाटे, दोन्हीकडे सलग धुरा. हिची भावंडं कुठे सामुराई म्हणून धावली, कुठे जिप्सी म्हणून. माझं काम जमिनीच्या मोजणीचं, त्यामुळे ही शौकाची गाडी नव्हे. खांब आणि यंत्र घेऊन जिथे रस्ता संपतो तिथून पुढे जाणारी. मोजायची सवय मात्र इथे फार कामी आली. भंगारात सगळ्यात जास्त फसवणूक करतो तो आपला डोळा. "सेम टू सेम आहे" असं वाटलं की थांबायचं आणि माप काढायचं.

म्हणून पिशवीत पान्यांच्याही आधी व्हर्निअर, मल्टिमीटर, खडू, वही आणि जुन्या स्पीकरमधून काढलेलं लोहचुंबक जातं. पान्यांत 8 ते 19 पर्यंतचे सॉकेट, लांब दांडा, आणि दांड्यावर चढवायला पाइपचा तुकडा. एक बारीक गोष्ट: जपानी गाड्यांचे चौफुलीचे स्क्रू दिसायला नेहमीसारखे, पण खाच जरा वेगळी असते. साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर लावून जोर केला की तो वर चढतो आणि खाच खाऊन टाकतो. जेआयएस, म्हणजे जपानी मापाच्या टोकाचा घ्या, हातोडीने फिरणारा असेल तर फारच छान. गंजलेल्या बोल्टवर आधी तेल मारून दुसरीकडे वळायचं आणि अर्ध्या तासाने परत यायचं.

तिथे गाडीखाली शिरण्याआधी ती कशावर उभी आहे ते बघा. रिमांच्या उतरंडीवर किंवा एकट्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली मी जात नाही, तिथला माणूस कितीही हसला तरी.

आता माझी फजिती सांगते, कारण त्यातूनच सगळ्यात महत्त्वाचं माप शिकले. मागचा डिफरन्शियल आवाज करायला लागला होता. या गाडीत तो हौसिंगमधून अख्खा बाहेर निघतो, त्यामुळे बदलणं एका दिवसाचं काम. त्याच घराण्यातल्या दुसऱ्या गाडीचा एक मिळाला. बोल्टची भोकं जुळली, शाफ्ट बसले, आवाज गेला. महिनाभर खुशीत होते. मग एका चढावर फोर बाय फोर टाकून, म्हणजे चारही चाकांना ताकद देऊन वर गेले, वरच्या पक्क्या सपाटीवर आले, आणि लिव्हर परत टू-व्हीलवर येईना. स्टिअरिंग जड, टायर चिरचिरतायत, गाडी जणू स्वतःशीच भांडतेय. शेवटी थोडं रिव्हर्स घेतलं तेव्हा खट्कन सुटला. घरी येऊन दाते मोजले. पुढे क्राउनला, म्हणजे मोठ्या गिअरला 41 आणि त्याला फिरवणाऱ्या लहान पिनियनला 11, म्हणजे गुणोत्तर 3.73. मागे 37 आणि 9, म्हणजे 4.11.

हे का वाईट? फोर बाय फोर टाकलं की या गाडीत पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट (धुऱ्यांपर्यंत ताकद नेणारे दांडे) एकाच वेगाने फिरतात, मध्ये सूट देणारं काही नाही. त्या दातांच्या हिशोबाने पुढची चाकं 100 मीटर जायला बघतात तेव्हा मागची जेमतेम 91. चिखलात चाकं घसरून हा फरक पचवतात. कोरड्या पक्क्या जमिनीवर तो सगळा ताण शाफ्ट, त्यांच्या टोकांचे जॉइंट क्रॉस आणि पुढेमागे ताकद वाटणाऱ्या ट्रान्स्फर केसच्या गिअरांत साठत जातो. माझं नशीब की काही तुटलं नाही.

म्हणून आता डिफरन्शियल सुटा असेल तर क्राउनवर खडूची खूण करून पिनियन हाताने फिरवते आणि क्राउनचा एक फेरा पूर्ण होईपर्यंत पिनियनचे किती झाले ते मोजते. पावणेचारच्या किंचित आत भरले तर माझा, चारच्या पुढे गेले तर दुसऱ्या कुणाचा तरी. गाडीतच बसवलेला असेल तर गिअर न्यूट्रल, एका बाजूचा हब (ज्यावर चाक बसतं तो) कुणाला तरी घट्ट धरायला सांगायचं आणि दुसरा पूर्ण दोन फेरे फिरवायचा. तेवढ्यात प्रोपेलर शाफ्टचे जितके फेरे होतात तेच गुणोत्तर. एक फेरा फिरवलात तर निम्मं उत्तर येईल, कारण धरलेली बाजू थांबल्यामुळे क्राउन अर्धाच फिरतो. मोठे टायर टाकल्यावर गाडी मरगळते, तेव्हा मुद्दाम जास्त गुणोत्तराचे डिफरन्शियल बसवतात, पण ते पुढे आणि मागे, दोन्हीकडे एकदम.

डिफरन्शियल किंवा ट्रान्स्फर केस विकत घेण्याआधी त्याचं तेल बोटावर घ्या. दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर करडी पेस्ट चालते, ती वयाची खूण. चुंबकावर टोचणारे कण आले तर ते दात आहेत, ठेवून द्या. दात निळसर पडले असतील तर तेलाशिवाय तापला होता. प्रोपेलर शाफ्ट सोडण्याआधी दोन्ही तुकड्यांवर खडूने सरळ रेघ ओढा. स्प्लाइनमध्ये (दोन तुकडे एकमेकांत सरकतात त्या खाचांत) एक दात इकडेतिकडे बसला तर दोन्ही टोकांचे योक (जॉइंट धरणारे दुबेळके) एका रेषेत राहत नाहीत आणि गाडी थरथरते. आणि जॉइंट क्रॉस जुना असेल तर तो नवाच घाला.

सुधारणा म्हणाल तर भंगारातून सगळ्यात जास्त फायदा मला विजेच्या कामात झाला. जुन्या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून वळसा घालून दिव्यापर्यंत जातो. वाटेत गंज, सैल कनेक्टर, बारीक तार. बल्बच्या पिनेवर मोजलं तर बॅटरीपेक्षा एकदीड व्होल्ट कमी. हॅलोजन बल्बला व्होल्टेज 10 टक्के कमी मिळालं की उजेड जवळजवळ 30 टक्क्यांनी घटतो. मी बल्ब बदलत बसले होते आणि दोष तारेत होता.

कोणत्याही बऱ्या मोडीतल्या गाडीच्या फ्यूजबॉक्समधून दोन रिले (लहान करंटच्या इशाऱ्याने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) काढा. त्यांच्या खाचेसहित आणि मागे निदान वीतभर तार ठेवून कापा, नाहीतर घरी जोडायला काही उरत नाही. रिलेच्या तळाशी आकडे असतात: 30 वर बॅटरीतून 15 अँपिअरच्या फ्यूजमधून आलेली जाड तार, 87 मधून दिव्याकडे, 85 आणि 86 पैकी एकीवर अर्थ (बॅटरीची मायनस बाजू), दुसरीवर जुन्या दिव्याची तार, जी आता फक्त रिलेला इशारा देते. एक रिले लो बीमचा, एक हाय बीमचा. दोन 55 वॉटचे बल्ब मिळून 9 अँपिअरच्या आसपास ओढतात, त्याला 2.5 चौरस मिलिमीटरची तार पुरते. जोडण्याआधी मल्टिमीटर लावून बघा, कारण काही जपानी गाड्यांत स्विच अर्थची बाजू तोडतो, प्लसची नाही. तिथे वरची जोडणी तशीच केली तर रिले चालणार नाही.

मग अल्टरनेटर. घेताना त्याच्या पाटीवरचे अँपिअर वाचा, मग बोल्ट जातात त्या कानांमधलं अंतर, बोल्टचा व्यास आणि पुलीची खाच मोजा. पुली पट्टेदार बेल्टची असेल आणि तुमची व्ही-बेल्टची, तर आपली जुनी पुली चढते का ते तिथेच बघा. बेअरिंग हाताने फिरवून ऐका. घरी लावल्यावर दिवे चालू ठेवून बॅटरीवर 13.8 ते 14.4 व्होल्ट यायला हवेत. 14.8 च्या वर गेलं तर रेग्युलेटर गेलाय, बॅटरी उकळेल. मल्टिमीटर एसीवर ठेवून अर्ध्या व्होल्टहून जास्त दाखवलं तर आतला डायोड मेलेला. आणि ताकदीचा अल्टरनेटर लावलात तर त्यापासून बॅटरीकडे जाणारी तारही जाड करा. हे लोक विसरतात आणि मग तार तापली म्हणून अल्टरनेटरला दोष देतात.

सेल्फ तपासायला त्याला पायाखाली घट्ट दाबून धरा, मग बॅटरीची तार लावा. सुरू होताना तो उडी मारतो.

पाट्यांचंही थोडं सांगते. मागे यंत्रं आणि खांब लादून गाडी बसली होती. दुसऱ्या गाडीच्या जुडग्यातला एकच पाटा आपल्या जुडग्यात घालता येतो, पण रुंदी तंतोतंत तीच हवी, माझ्या गाडीला 50 मिलिमीटर. मधल्या बोल्टच्या भोकापाशी चीर आहे का ते तारेच्या ब्रशने घासून बघा, पाटे बहुतेक तिथूनच तुटतात. घातलेला पाटा मुख्य पाट्यापेक्षा आखूड असावा आणि त्याची कमान थोडी जास्त. एकाच बाजूला घातला तर गाडी तिरकी उभी राहते, हेही कुणीतरी करतंच म्हणून लिहिलं. यू-बोल्ट मात्र नवे. ते एकदा ताणून आवळले की त्यांचे आटे पुन्हा तसे धरत नाहीत.

जे मी कधीच तिथून आणत नाही: सीटबेल्ट, एअरबॅग, ब्रेकचे होस, ब्रेकपॅड, टाय रॉडची टोकं, इंजिनाचे आणि ट्रान्स्फर केसचे रबर माउंट. ठोकलेल्या गाडीचा बेल्ट एकदा ताण खाऊन बसलेला असतो आणि ते डोळ्यांना दिसत नाही. ब्रेकची डिस्क चालेल, तिच्यावर किमान जाडी कोरलेली असते, व्हर्निअरने त्याच्याशी ताडून बघा. कॅलिपर आणला तर पिस्टनवर खड्डे नाहीत ना बघून सील नवे घालूनच. टायरवर आठवडा आणि वर्ष चार आकड्यांत असतं. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. नक्षी कितीही खोल असो, रबर जुनं ते जुनंच.

सीट बदलल्या तेव्हा पाठीला खरंच सुख झालं. फक्त सीटखाली पिवळा कनेक्टर असेल तर तिच्यात एअरबॅग किंवा तसलंच काही आहे, तिला हात लावू नका. रिम घेताना पाच बोल्ट आणि त्यांचं 139.7 मिलिमीटरचं वर्तुळ जुळलं म्हणून उड्या मारू नका. मधलं भोकही हबवर बसायला हवं, आणि नटची बैठक शंकूसारखी की गोल तेही जुळायला हवं. माझ्याकडे न बसणारं एक सुंदर रिम आहे, त्यात तुळस लावली आहे.

सर्वांत कमी कष्टाची सुधारणा सांगायची राहिली. गरम झालेला ॲक्सल थंड ओढ्यात उतरला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढते. ॲक्सलवरच्या श्वासनळीला एक रबरी नळी जोडून ती बॉनेटखाली उंच नेऊन बांधा, टोकाला छोटा पेट्रोल फिल्टर. ही नळी नवी घ्या, फिल्टरही. क्लिपा आणि जोड भंगारातल्या गाड्यांच्या व्हॅक्यूमच्या पाइपांवर मुबलक मिळतात.

आणि येताना बोल्ट आणा. पत्र्याचा एक डबा मी फक्त बोल्टांनी भरते. जपानी गाड्यांत 10 मिलिमीटरचा बोल्ट बहुतेक 1.25 च्या आट्यांचा (दोन आट्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये) असतो, दुकानात सहज मिळतो तो 1.5 चा. चुकीचा दोन फेरे सहज जातो, तिसऱ्याला अडतो, आणि पाना लावून जोर केलात की हौसिंगमधले आटे गेले. डोक्यावरचा ताकदीचा आकडाही बघा, सस्पेन्शनच्या जागी बिनआकड्याचा बोल्ट लावू नका.

निघताना पावती घ्या आणि तिच्यावर त्या गाडीचा चासी नंबर लिहून घ्या. पुढे सील किंवा बेअरिंग मागवायचं झालं की दुकानदार पहिला प्रश्न तोच विचारतो: पार्ट कुठल्या गाडीचा? माझ्या वहीत तारीख, नंबर, मापं आणि ती गाडी कशाने गेली, एवढं प्रत्येक पानावर आहे. पाटे किंवा ॲक्सलचं काम केल्यावर 100 किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा आवळायचे, तेही त्याच पानावर खाली लिहून ठेवते, आणि आवळले की बरोबरची खूण करते. डिफरन्शियलच्या त्या पानावर मात्र खूण नाही, नुसतं 37 भागिले 9 असं लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत.