इलॉन मस्कवरून वाद पेटला की चर्चा कशी चालवावी

"मस्क थोर माणूस की थापाड्या?" असा प्रश्न कुणी टाकला तर तो तसाच चर्चेला घेऊ नका. त्यावर हात वर करायला लावलेत की दोन तट पडतात आणि मग कुणी कुणाचं ऐकत नाही. पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवून मी निवृत्त झाले. आता सोलापुरात पूर्व भागातल्या एका वाचनालयात शनिवारी संध्याकाळी तरुणांचा गट घेते. इंजिनिअरिंगची मुलंमुली येतात, टॉवेल कारखान्यात हिशेब बघणारे येतात, एक-दोन आजोबाही येतात. तंत्रज्ञानाच्या वेडाने इतका प्रसिद्ध झालेला आणि इतकी टोकाची मतं ओढवून घेणारा दुसरा माणूस आमच्या गटाला ठाऊक नाही. या विषयावरून पोरांची मैत्री तुटू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवातीला प्रत्येकाला साल विचारा. "मॅडम, तो जिद्दी आहे हो!" असं कुणी म्हटलं, तर "कुठल्या सालचा मस्क?" असं विचारून उत्तर फळ्यावर लिहा. जिद्दीचं बोलणारा बहुतेक वेळा 2008 चं बोलत असतो. त्याच्या स्पेसएक्स या रॉकेट कंपनीचं फाल्कन 1 हे रॉकेट पहिल्या तीनही उड्डाणांत फसलं होतं, आणि सप्टेंबर 2008 मध्ये चौथं उड्डाण साधलं. पैसा संपत आला असताना त्याने माघार घेतली नाही, हे त्याचे विरोधकही नाकारत नाहीत. "तो बेभरवशाचा आहे" म्हणणाऱ्याच्या डोक्यात 2018 असतं. त्या ऑगस्टमध्ये त्याने ट्विटरवर टेस्ला या आपल्या विजेच्या गाड्यांच्या कंपनीचे शेअर्स बाजारातून परत घेण्यासाठी पैशाची सोय झाल्याचं जाहीर केलं. अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने खटला भरला, तडजोडीत मस्क आणि टेस्ला यांना प्रत्येकी 2 कोटी डॉलर भरावे लागले आणि त्याला अध्यक्षपद सोडावं लागलं. तिसरा 2022 घेऊन येतो: 44 अब्ज डॉलरला ट्विटर घेतलं आणि काही दिवसांत जवळपास निम्मी माणसं काढली. तिन्ही साली माणूस एकच, पण फळ्यावर तारखा आल्या की मुलं आपापली तारीख धरून बोलायला लागतात आणि निम्मा वाद तिथेच उतरतो.

त्यानंतर श्रेय मोजायला घ्या. इथे घाई करू नका, मी तर सगळ्यात जास्त वेळ इथेच देते. टेस्ला कुणी काढली असं विचारलं की निम्मा वर्ग मस्कचं नाव घेतो. कंपनी 2003 मध्ये मार्टिन एबरहार्ड आणि मार्क टार्पेनिंग यांनी काढली. मस्क 2004 मध्ये पैसे गुंतवून आला आणि 2008 मध्ये मुख्य कार्यकारी झाला. आज त्यालाही सहसंस्थापक म्हणतात, ते 2009 च्या एका कोर्टबाहेरच्या समझोत्यामुळे. हे कळलं की विरोधी बाजू लगेच "मग त्याने काय केलं?" म्हणून उठते. त्यांनाही थांबवा. आपल्या चादरीवर लेबल कारखानदाराचं असतं. नक्षी काढणारा, जेकार्डचे पुठ्ठे पंच करणारा, रंगवणारा आणि मागावर उभा राहणारा कामगार त्या लेबलावर नसतो. म्हणून कारखानदाराचं काम शून्य ठरत नाही. भांडवल उभं करणं, धोका पत्करणं, लोकांना अशक्य वाटणाऱ्या कामाला जुंपणं हीसुद्धा कामंच आहेत. फक्त बाकीची नावं मोठ्याने घ्यायची. स्पेसएक्समध्ये 2008 पासून अध्यक्षपद सांभाळणाऱ्या ग्विन शॉटवेल आणि सुरुवातीची इंजिनं घडवणारे टॉम म्युलर ही नावं मी फळ्यावर लिहायला लावते. मुलींनी ग्विन शॉटवेल हे नाव वहीत उतरवून घ्यावं असा माझा आग्रह असतो.

आता भाकितं. एका वहीत तीन रकाने आखा: काय म्हणाला, कधी होणार म्हणाला, प्रत्यक्षात काय झालं. 2016 मध्ये तो म्हणाला की 2017 संपायच्या आत टेस्ला गाडी लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला स्वतःची स्वतः जाईल. तसं झालं नाही. 2019 मध्ये म्हणाला की पुढच्या वर्षी दहा लाखांहून जास्त रोबोटॅक्सी, म्हणजे चालकाविना चालणाऱ्या टॅक्सी, धावतील. अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात थोड्याशा गाड्यांची सेवा सुरू झाली ती जून 2025 मध्ये, आणि तेव्हाही आत देखरेखीला माणूस बसलेला होता. पण त्याच वहीत हेही लिहा: रॉकेटचा खालचा टप्पा परत जमिनीवर उतरवू असं तो म्हणत होता तेव्हा अनेक जाणकारांनी मान हलवली होती, आणि डिसेंबर 2015 मध्ये फाल्कन 9 चा टप्पा उभाच्या उभा उतरला. ही वही भरली की माझं मत असं झालं आहे: काय घडेल याबद्दल त्याचं ऐकावं, कधी घडेल याबद्दल ऐकू नये. तुमच्या गटाचं मत वेगळं निघालं तरी चालेल, पण ते वही भरून झाल्यावर निघू द्या.

स्वभावावर बोलताना एकच प्रसंग घ्या आणि तो पूर्ण सांगा. मी थायलंडच्या गुहेचा घेते. जून 2018 मध्ये बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक गुहेत अडकले. मस्कने छोटी पाणबुडी बनवून पाठवली. सुटका तिच्याविना झाली. एका ब्रिटिश गुहा-तज्ज्ञाने तिची टर उडवली, तेव्हा मस्कने त्या माणसावर अतिशय घाणेरडा शब्द फेकला. पुढे माफी मागितली, खटला झाला, आणि डिसेंबर 2019 मध्ये ज्युरीने निकाल मस्कच्या बाजूने दिला. चाहते पाणबुडीपाशी थांबतात, विरोधक शिवीपाशी; माफी आणि निकाल दोघेही गाळतात. मला विचाराल तर मुलं वाचवायला धावणं आणि टीका सोसता न येणं, दोन्ही त्याच माणसात होतं. आपल्याला ॲस्परगर, म्हणजे ऑटिझमचा एक प्रकार, आहे असं त्याने 2021 मध्ये टीव्हीवर स्वतः सांगितलं. कुणी ते ढाल म्हणून पुढे केलं तर मी ठामपणे अडवते, कारण तसे अनेकजण आपल्या शहरात आहेत आणि ते कुणाला शिव्या देत फिरत नाहीत. कुणी ते टिंगलीला वापरलं तर त्याहून कडक शब्दांत अडवते.

लोकसंख्या, राजकारण, शाळा यांवरची त्याची मतं आली की थोडक्यात उरका. रॉकेट उडवता आलं म्हणून या विषयांत त्याच्या शब्दाला जास्त वजन नाही, आणि कमीही नाही. मुद्दा तपासा, पुढे चला.

पैशाचं मात्र सोडू नका. सात रस्त्यावर चहा पिताना मुलं डोजकॉइन या आभासी चलनाचं बोलतात, ते मी ऐकते. मे 2021 मध्ये तो अमेरिकेतल्या एका विनोदी टीव्ही कार्यक्रमात आला, आणि आधी चढत गेलेलं ते नाणं त्याच रात्री जोरात आपटलं. ज्यांनी त्याच्या नावावर विसंबून घेतलं होतं त्यांचे पैसे गेले. त्यामुळे गटात स्पष्ट विचारा: "त्याच्या बोलण्यावरून कुणी पैसे घातलेत का?" कुणी हो म्हणालं तर सगळ्यांसमोर बोलू नका, नंतर बाजूला घ्या, किती घातलेत ते विचारा आणि घरी सांगायला लावा.

त्याच्या चेहऱ्याचे आणि आवाजाचे बनावट व्हिडिओही फिरतात: इतके पाठवा, दुप्पट मिळवा. जुलै 2020 मध्ये तर त्याचं खरं ट्विटर खातंच चोरांनी ताब्यात घेऊन असंच आवाहन केलं होतं, म्हणजे खातं खरं असणंही पुरेसं नाही. असा व्हिडिओ आला तर पुढे पाठवू नका. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, 1930 ला, फोन करा, बँकेला कळवा, व्यवहाराचा क्रमांक आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा. काका-मामांनाही हा नंबर फोनमध्ये टाकून द्या, कारण ते व्हिडिओ त्यांच्याकडेही येतात.